गॅस कटर लावण्याआधी

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
तसेच गृह, परिवहन, नगरविकास आणि सार्वजनिक बांधकाम विभागांचे सचिव

विषय : अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत नाहीसा होणारा तांत्रिक पुरावा

महोदय,

पूल पडला, होर्डिंग कोसळलं, स्लॅब खाली आला की पुढचा क्रम ठरलेला असतो. रुग्णवाहिका येते, मग पोकलेन, क्रेन, गॅस कटर आणि डंपर. पंचनामा होतो. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती जाहीर होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी समितीचे सदस्य जागेवर पोचतात. तोवर जागा झाडून स्वच्छ झालेली असते. जे बघायचं ते कुठल्या तरी डम्पिंगच्या मैदानात नाहीतर भंगाराच्या वखारीत असतं, कापलेलं, एकमेकांत मिसळलेलं आणि नंबर नसलेलं. मग अहवालात 'निकृष्ट दर्जा', 'अतिवेग', 'शॉर्टसर्किट' यांपैकी एक शब्द येतो. तो चूक असतो असं नाही. तो सिद्ध करता येत नाही, आणि न्यायालयात नेमका तिथेच मार खातो.

संरचना, धातू आणि वाहन-तपासणीचं काम करणारे आम्ही काही अभियंते हे पत्र लिहीत आहोत. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हा आक्षेप हमखास येतो : ढिगाऱ्याखाली माणूस असेल तर काहीही कापा, काहीही उचला. त्याबद्दल दुमत नाही. आमचं म्हणणं शेवटचा माणूस बाहेर निघाल्यानंतरच्या तासांबद्दल आहे. त्या वेळी जी घाई चालते ती वाहतूक सुरू करण्याची असते, आणि खरं सांगायचं तर पाहणी दौऱ्याची गाडी थेट जागेपर्यंत यावी म्हणूनही असते. सुटकेच्या वेळीसुद्धा एक माणूस फक्त फोटो काढायला आणि कापलेल्या जागी पिवळा रंग मारायला ठेवता येतो. पिवळी कड म्हणजे आपण कापलेली. बिनरंगाची कड म्हणजे अपघातात तुटलेली. एवढ्या एका डब्याने पुढचे कितीतरी वाद मिटतात.

तुटलेल्या लोखंडापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लवकर तेच बिघडतं.

तुटीचा पृष्ठभाग वाचता येतो. ओढून, ताणून तुटलेलं पोलाद तुटीजवळ बारीक होतं आणि आतून मळकट, तंतुमय दिसतं. ठिसूळपणे तुटलेलं चकचकीत आणि दाणेदार दिसतं. त्यावर बाणाच्या टोकासारख्या रेघा असतात आणि ती टोकं तूट सुरू झालेल्या जागेकडे बोट दाखवतात. वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी हळूहळू चिरत गेलेल्या भागावर, ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा एकाआड एक वळणदार रेषा दिसतात. पण सर्वांत सोपी खूण गंजाची. काळपट-तपकिरी, थराथराचा गंज किंवा चिरेच्या आत शिरलेला रंग दिसला तर ती तूट जुनी. स्वच्छ राखाडी धातू दिसला तर ती त्याच दिवशीची.

मोरबीचं उदाहरण घ्या. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेतला तो झुलता पूल तुटला आणि १३५ माणसं गेली. विशेष तपास पथकाने मुख्य केबल तपासली. सात पेडांची केबल, प्रत्येक पेडात सात तारा, म्हणजे एकूण ४९. त्यांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या, म्हणजे त्या बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. उरलेल्या २७ नव्याने तुटलेल्या. जवळपास निम्मी केबल दुर्घटनेच्या आधीच कामातून गेली असावी, हे तारांची टोकं पाहून कळलं. ती टोकं त्या दिवशी कटरने उडवली असती तर 'गर्दी जास्त झाली' एवढ्यावर विषय संपला असता.

आता हीच तूट कोकणात जुलै महिन्यात उघड्यावर ठेवा. एका रात्रीच्या पावसात राखाडी पृष्ठभाग नारिंगी होतो. चार दिवसांनी येणाऱ्या समितीला जुनी तूट आणि नवी तूट डोळ्यांनी वेगळी काढता येत नाही. प्रयोगशाळेत काही अंशी येते, पण तोवर बहुतेक तुकडे कुठल्या सांध्याचे हेच कोणाला ठाऊक नसतं. म्हणून पहिल्याच तासांत प्रत्येक तुटीचा जवळून फोटो हवा, एकदा पट्टी ठेवून आणि एकदा पट्टीविना. वर ताडपत्री हवी. तुकडा कापायचाच असेल तर तुटीपासून निदान एक फूट सोडून कापा, नाहीतर ज्वालेच्या उष्णतेने आतली रचनाच बदलते. तूट धुवायची नाही, वायर ब्रश मारायचा नाही, बोट लावायचं नाही. आणि दोन अर्धे 'जुळतात का बघू' म्हणून एकमेकांना लावायचे तर मुळीच नाहीत. हा मोह सगळ्यांना होतो, पोलिसांना आणि अभियंत्यांनाही. जुळवताना पृष्ठभागावरचे उंचवटे घासले जातात आणि वाचायचं होतं तेच पुसलं जातं. लहान तुकडे, बोल्ट, नट कोरड्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचे. आज ते मुद्देमाल खोलीत गोणपाटात पडतात.

होर्डिंगचं वेगळं सांगायला हवं. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी छेडानगरच्या पेट्रोल पंपावर जे कोसळलं ते सुमारे १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. सतरा माणसं गेली. 'तिप्पट मोठं' म्हणता येईल, पण वाऱ्याचा हिशोब तिपटीचा नाही. दोन्ही बाजू तिप्पट झाल्या की क्षेत्रफळ नऊपट होतं आणि भाराची उंचीही तिप्पट होते, म्हणजे पायाला उपटणारा जोर सत्तावीसपट. वाऱ्याच्या भाराबद्दलच्या, आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६. चौरस मीटरला साधारण १,१६२ न्यूटन, म्हणजे ११८ किलो आले. त्या फलकाचं क्षेत्रफळ सुमारे १,३४० चौरस मीटर. उंची, भूभाग आणि आकाराचे गुणक न लावतासुद्धा आडवा जोर दीडशे टनांच्या पुढे जातो.

एवढ्या जोराचा फलक आडवा होतो तेव्हा विचारायचा प्रश्न एकच : सुटलं कुठे? खांब मधूनच वाकला का? तळपट्टीचे बोल्ट तुटले का, की आटे निघून नट सुटले? बोल्ट शाबूत राहून काँक्रीटचा शंकू उपटला गेला का? की अख्खा पाया माती घेऊन उलटला? प्रत्येक उत्तराला वेगळा माणूस जबाबदार असतो : आराखडा करणारा, बोल्ट पुरवणारा, काँक्रीट भरणारा, जमिनीची चाचणी न करता पाया ठरवणारा. खड्डा बुजवला की चारही सुटतात. म्हणून पाया पूर्ण उकरून लांबी, रुंदी आणि खोली टेपने मोजली पाहिजे. बोल्टच्या डोक्यावर ४.६ आहे की ८.८ हा त्याच्या ताकदीचा आकडा टिपला पाहिजे, बोल्ट काँक्रीटमध्ये किती खोल होता ते लिहिलं पाहिजे, आणि पायाखालच्या मातीचा नमुना पाऊस लागण्याआधी काढला पाहिजे.

चालू बांधकामावरचा स्लॅब कोसळतो तिथे पुरावा अक्षरशः चालत निघून जातो, कारण सेंटरिंगचं, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून दिलेल्या तात्पुरत्या आधारांचं, सामान भाड्याचं असतं. प्रॉप, जॅक, कपलॉकचे पाइप दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर उभे असतात. खरं उत्तर बहुतेक वेळा त्यातच दडलेलं असतं : जॅकचा स्क्रू किती बाहेर काढला होता, तळपट्टी चिखलावर होती की फळीवर, वरचा तुळवा प्रॉपच्या डोक्याच्या मधोमध होता की एका कडेला, तिरके आधार लावले होते की 'नंतर लावू' म्हणून राहिले. आणि एक नेहमीची चूक. सहा इंची स्लॅबचं ओलं काँक्रीट चौरस मीटरला पावणेचारशे किलोंच्या आसपास भरतं. पंपाचा पाइप हलवायचा कंटाळा आला की एकाच जागी दोन फुटांचा ढीग साचतो आणि तिथे तोच भार दीड टन होतो. त्या ढिगाचा वरून काढलेला फोटो, पंपवाल्याच्या वेळा आणि आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांची चलनं त्याच संध्याकाळी ताब्यात आली पाहिजेत. पंचनाम्यात 'लोखंडी पाइप, नग अंदाजे ३००' असं लिहून काही निष्पन्न होत नाही.

घट्ट झालेल्या काँक्रीटची ताकद कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला दंडगोल नमुना, काढून कळते आणि त्याचे निकष आयएस ४५६ या भारतीय मानकात आहेत : निदान तीन कोअर, सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के, आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. एम २५ साठी, म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीच्या काँक्रीटसाठी, सरासरी २१.२५ आणि प्रत्येकी किमान १८.७५. पण कोअर कुठल्या कॉलमचा, कुठल्या मजल्याचा हे माहीत नसेल तर तो आकडा हवेतला. फिनॉल्फ्थॅलिनची चाचणीही तशीच. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो आणि जिथवर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम, पोचलंय तो भाग बिनरंगाचा राहतो. सळीभोवती रंग आला नाही तर तिचं संरक्षण कधीच संपलेलं होतं. महिनाभर उघड्यावर पडलेल्या, डंपरने ढकललेल्या तुकड्यावर ती चाचणी करून अहवालाला परिशिष्ट तेवढं मिळतं.

पुरात पडलेल्या पुलांबाबत आणखी एक अडचण आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. अशा ठिकाणी पायाखालची माती पाण्याच्या वेगाने खरवडली जाते, आणि खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर भरात असताना. पाणी ओसरायला लागलं की त्यात गाळ भरत जातो. आठवड्याने खोली मोजणाऱ्याला खड्डा उथळ दिसतो आणि पाया पुरेसा खोल होता असं वाटून जातं. मोजमापाबरोबर बोअर घेऊन वरचा सैल गाळ आणि खालची मूळ जमीन वेगळी केली तरच अंदाज लागतो.

आता रस्त्याकडे येतो. माणसं सर्वांत जास्त तिथेच मरतात आणि तपास सर्वांत कमी तिथेच होतो. ब्रेकच्या खुणेवरून वेग काढायचं सूत्र सोपं आहे : खुणेची लांबी मीटरमध्ये, गुणिले रस्त्याचा घर्षणांक, गुणिले २५४, आणि त्याचं वर्गमूळ. तीस मीटरची खूण, कोरडं डांबर, घर्षणांक ०.७ धरला तर ताशी ७३ किलोमीटर. तोच रस्ता ओला असेल आणि घर्षणांक ०.४ असेल तर ५५. म्हणजे पंचनामा लिहिणाऱ्याने 'रस्ता ओला' हे दोन शब्द लिहिले नाहीत तर ताशी १८ किलोमीटरचा फरक कागदावरून गायब होतो. खुणेच्या टोकाला गाडी थांबली नसून कशावर तरी आदळली असेल तर हा वेग किमान समजायचा. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) असलेल्या गाडीची खूण फिकट असते, तासाभराच्या रहदारीत ती दिसेनाशी होते. वळताना घसरलेल्या गाडीच्या खुणेत तिरक्या बारीक रेघा असतात आणि तिचा हिशोब वेगळा. कशाची खूण हे न लिहिता नुसती लांबी लिहिली तर दोन्ही हिशोब मेले.

'टायर फुटल्याने' हे आपल्याकडचं सर्वांत आवडतं कारण. टायर आधी फुटला की आदळल्यावर, हे टायरच सांगतो. हवा कमी असताना पळालेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर गोल घडी पडते आणि आत रबराची भुकटी सापडते. आदळून फाटलेल्याला स्वच्छ, सरळ चीर असते आणि रिमची कड समोरासमोर चेपलेली असते. रस्त्यावर रिमने ओरखडा काढला असेल तर तो धडकेच्या आधी आहे की नंतर, हे मोजायला दहा मिनिटं पुरतात. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी क्रमांकही लिहा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये तपासणीचे सोपस्कार झाले की चोवीस तासांत गाडी परत करायची तरतूद आहे. मोटार वाहन निरीक्षकाच्या नमुन्यात 'ब्रेक : तपासता आले नाहीत' असं लिहिलं जातं आणि गाडी सुटते. भीषण अपघातातली गाडी न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडू नये आणि तोवर ती छताखाली ठेवावी.

गाडीतला इलेक्ट्रॉनिक पुरावा त्याहून नाजूक आहे. इग्निशन चालू करून 'इंजिन सुरू होतं का' बघू नका. एअरबॅगच्या मोड्युलमधली धडकेची नोंद त्याने बिघडू शकते. प्रवासी वाहनातल्या ट्रॅकिंग यंत्राची माहिती सर्व्हरवर असते, टोलनाक्याचं आणि पेट्रोल पंपाचं चित्रण डीव्हीआरमध्ये काही दिवसच टिकतं. हे जपून ठेवा अशी एका पानाची नोटीस पहिल्याच दिवशी जायला हवी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेली तिची ओळखखूण, लागतं. फुटेज व्हॉट्सॲपवरून मागवलं की मूळ फाइलचा हॅश जुळतच नाही.

जखमा हाही अभियांत्रिकी पुरावाच आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याच्या पट्ट्याचा वळ उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो, शेजारच्याचा उलटा. बाजूच्या काचेचे बारीक चौकोनी तुकडे होतात, पुढच्या काचेच्या चिपा उडतात; चेहऱ्याच्या कुठल्या बाजूला कसल्या जखमा आहेत यावरून माणूस कुठे बसला होता ते कळतं. बुटाच्या तळव्यावर ब्रेकच्या पॅडलचा ठसा सापडतो. पादचाऱ्याच्या पायावरची जखम बंपरच्या उंचीपेक्षा खाली असेल तर चालकाने जोरात ब्रेक दाबला होता, कारण तेव्हा गाडीचं नाक खाली जातं. हे सगळं शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसतं, पण जखमेची टाचेपासूनची उंची लिहायला नमुन्यात रकाना नाही, आणि कपडे-बूट नातेवाइकांना परत जातात किंवा जाळले जातात. नमुन्यात एक रकाना वाढवायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही.

आगीबद्दल थोडक्यात. 'शॉर्टसर्किट' लिहिण्याआधी वितरण पेटीतल्या एमसीबीच्या (आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचच्या) खटक्यांचा फोटो घ्या आणि एकही खटका हलवू नका. ठिणगीने वितळलेल्या तांब्याला गोल मणी येतो आणि त्याला लागून तार शाबूत असते. आगीत वितळलेल्या तारेत अशी स्पष्ट हद्द नसते. अशा मण्यावरून एवढंच कळतं की आग पोचली तेव्हा त्या तारेत वीज होती. आग त्यानेच लागली असं नाही.

हे सगळं का होत नाही? एक कारण कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. पण निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली नोंदवला जातो आणि त्याला शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणजे दहा माणसं मेलेल्या जागी तज्ज्ञाने जायची सक्ती नाही. सदोष मनुष्यवधाचं कलम नंतर वाढवलं जातं, तोवर जागा साफ. ही फट शासन परिपत्रकाने बुजवू शकतं : तीन किंवा अधिक मृत्यू, किंवा कुठल्याही सार्वजनिक बांधकामाची पडझड, असं झालं की कलम कुठलंही असो, अभियांत्रिकी तज्ज्ञ जागेवर जाईपर्यंत ढिगारा हलणार नाही.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे. ज्या खात्याने बांधलं किंवा परवानगी दिली, त्याच खात्याचे अधिकारी समितीवर असतात. रेल्वे अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे. विमान अपघातांसाठीही स्वतंत्र तपास यंत्रणा आहे आणि तिचं काम दोषी शोधणं नाही, कारण शोधणं आहे. पूल, होर्डिंग, इमारती, बस यांच्यासाठी तसं काही नाही. अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला तेव्हा पहिला संशय गंजावर आणि पोलादाच्या थकव्यावर होता. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सांगाडा नदीकाठच्या मैदानात मांडला, आणि उत्तर निघालं ते सांध्यांच्या जोडपट्ट्यांचं : अर्धा इंच जाड, म्हणजे हव्या होत्या त्याच्या साधारण निम्म्या. चूक १९६० च्या दशकातल्या आकडेमोडीतली. तुकडे मांडले नसते तर गंजालाच दोष देऊन फाइल बंद झाली असती, आणि तशाच जोडपट्ट्यांचे दुसरे पूल कोणी तपासले नसते.

आमची मागणी एका जिल्ह्यापासून सुरू करता येईल एवढीच आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे संरचना, धातू, वाहन आणि वीज या विषयांच्या तज्ज्ञांची यादी असावी. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ती सहज होते. बांधलेल्या खात्याचा माणूस माहिती द्यायला यावा, निष्कर्ष लिहायला नको. जप्त सांगाडा ठेवायला छप्पर असलेली एक जागा असावी. आणि कारणांचा अहवाल फौजदारी खटल्यापासून वेगळा लिहून ठरलेल्या मुदतीत संकेतस्थळावर टाकावा. आज अहवाल 'सादर' होतात आणि तिथेच राहतात.

तोवर, प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात एक पेटी तरी ठेवा. तीस मीटरची टेप, पिवळ्या रंगाचे दोन डबे आणि ब्रश, एक ते शंभर क्रमांकांच्या पत्र्याच्या चकत्या आणि बांधायची तार, फोटोत ठेवायची पंधरा सेंटिमीटरची पट्टी, होकायंत्र, झिपच्या पिशव्या, सिलिका जेल, टायरच्या खाचांची खोली मोजायचा गेज, खडू आणि दोन ताडपत्र्या. ताडपत्र्या जूनच्या आधी द्याव्यात.

आपले,
संरचना, धातू आणि वाहन-तपासणीच्या कामातले काही अभियंते